दगडापेक्षा वीट मऊ, पण कुणासाठी?

'दगडापेक्षा वीट मऊ' ही म्हण आपण फार सहज वापरतो. दोन उमेदवारांपैकी कुणाला मत द्यायचं, दोन नोकऱ्यांपैकी कुठली पत्करायची, घरातल्या भांडणात कुणाची बाजू घ्यायची, कुठेही ती चालते. म्हण खोटीही नाही. दोन्ही पर्याय वाईट असतील, तर त्यातला कमी वाईट निवडणं यालाच शहाणपण म्हणतात.

पण या म्हणीत दोन गोष्टी सांगायच्या राहून गेल्या आहेत. एक म्हणजे, वीट दगडापेक्षा मऊ असली तरी डोक्यात बसली की रक्त येतंच. आणि दुसरी जास्त महत्त्वाची: वीट की दगड हे ठरवणारा एक असतो आणि ज्याच्या डोक्यात ती बसते तो बऱ्याचदा दुसराच असतो.

याचं उदाहरण शोधायला मला लांब जावं लागत नाही. माझं गाव चारठाणा, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी. बाहेरचा माणूस आमच्याकडे आला तर तो जुनी देवळं बघायला येतो. गोकुळेश्वराचं मंदिर, पायऱ्यांची बारव आणि उघड्यावर उभा असलेला तो उंच कोरीव स्तंभ. यादवकाळातलं हे काम अभ्यासकांनी बारकाईने पाहिलंय, त्याचे फोटो इंटरनेटवर ढिगाने आहेत.

पण १५ ऑगस्ट १९४७ ला हे गाव भारतात नव्हतं, हे मात्र पुण्यातल्या माझ्या ऑफिसमधल्या बहुतेकांना सांगावं लागतं. चारठाणा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. म्हणून पुण्यामुंबईच्या पोरांपेक्षा आम्ही शाळेत वर्षातून एकदा जास्त झेंडावंदन केलं. १७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन.

आमच्या घरात जुन्या गोष्टी निघाल्या की काळ सांगायला एक शब्द हमखास यायचा, 'रझाकारी'. अमुक लग्न रझाकारीच्या आधीचं, तमुक शेत रझाकारीत पडीक राहिलं. पुढे कॉलेजात असताना मराठवाड्यातल्याच एका मुस्लिम मित्राच्या घरी जेवायला गेलो होतो. त्याच्या दादीही जुन्या गोष्टी सांगत होत्या, आणि काळ सांगायला त्यांचा शब्द वेगळा होता, 'पुलिस ॲक्शन'. पुलिस ॲक्शनच्या आधी आमची एवढी जमीन होती, पुलिस ॲक्शननंतर मामू परत आले नाहीत.

दोन्ही घरं एकाच वर्षाबद्दल बोलत होती. फरक एवढाच की आमच्या घरातली गोष्ट १७ सप्टेंबरला संपायची आणि त्यांची तिथून सुरू व्हायची.

आता आधी दगड कोणता होता ते नीट बघू.

हैदराबाद हे देशातलं सगळ्यात श्रीमंत संस्थान मानलं जायचं. लोकसंख्या दीड कोटीच्या वर, जिल्हे १६. त्यातले मराठी जिल्हे पाच: औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद. प्रजेत हिंदू मोठ्या बहुसंख्येने, सत्ता सातवा निजाम मीर उस्मान अली खान याची. इंग्रज जाणार हे पक्कं झाल्यावर जून १९४७ मध्ये निजामाने आपण स्वतंत्र राहणार असं जाहीर केलं. चहूबाजूंनी भारत आणि मधे एक वेगळा देश, असं ते चित्र होतं.

स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने लढा सुरू केला. हजारो लोक तुरुंगात गेले, सीमेवर कॅम्प उभे राहिले. दुसरीकडे लातूरचा वकील कासीम रझवी इत्तेहादुल मुसलमीनचा अध्यक्ष झाला आणि त्याची रझाकार ही सशस्त्र संघटना गावोगाव पसरली. खंडणी, जाळपोळ, लूट, खून. निजामाचं सरकार त्यांना आवरत नव्हतं, आणि नंतर तर आवरायची इच्छाही दिसत नव्हती. शेजारच्या वऱ्हाडात आणि मुंबई प्रांतात निर्वासितांचे लोंढे जात होते.

रझाकारांना विरोध करणारे मुसलमानही होते. 'इमरोज'चा तरुण संपादक शोएबउल्ला खान याने भारतात विलीन व्हावं असं लिहिलं. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्याचा खून झाला.

भारत सरकारपुढे दोन रस्ते होते. २९ नोव्हेंबर १९४७ ला निजामाशी एक वर्षाचा 'जैसे थे' करार झाला होता. तो पाळत वाटाघाटी चालू ठेवायच्या, म्हणजे तोवर खेड्यांतल्या लोकांना रझाकारांच्या हवाली करायचं. नाहीतर सैन्य घुसवायचं. नेहरू कचरत होते. फाळणीच्या कत्तलींना जेमतेम वर्ष झालं होतं, काश्मीरमध्ये युद्ध चालू होतं. हैदराबादेत सैन्य गेलं तर त्याची प्रतिक्रिया जमातवादी हिंसेत उमटेल अशी त्यांना भीती होती. सरदार पटेलांचं म्हणणं होतं की जितका उशीर तितकं नुकसान जास्त.

१३ सप्टेंबर १९४८ ला सैन्य आत शिरलं. मुख्य फौज सोलापूरकडून नळदुर्गमार्गे. १७ तारखेला निजामाने माघार जाहीर केली. १८ तारखेला हैदराबादच्या फौजेने मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. सगळं मिळून पाच दिवस.

हा निर्णय बरोबर होता असं मला वाटतं, आणि ते मी आत्ताच सांगून टाकतो. पुढचं वाचताना 'म्हणजे याला निजाम हवा होता का' अशी शंका कुणाला येऊ नये. काहीच न करणं हा फुकटचा पर्याय नव्हता. त्याचीही किंमत कुणीतरी रोज मोजत होतं. दगड खरा होता आणि वीट त्याहून खरंच मऊ होती.

तरी एक गोष्ट बघा. या कारवाईत रणगाडे होते, विमानं होती, आणि तिचं नाव होतं 'पोलीस ॲक्शन'. नावाला कारण होतं. निजामाने तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपर्यंत नेली होती. युद्ध म्हटलं असतं तर हैदराबाद हा वेगळा देश आहे हे मान्य केल्यासारखं झालं असतं. कायद्याच्या दृष्टीने हे नाव शहाणपणाचं होतं. पण नावाने एक काम आणखी केलं. पोलिसांच्या कारवाईनंतर कुणी मेलेल्यांची मोजदाद करत नाही, ती युद्धानंतर करतात.

आणि मोजदाद करण्यासारखं बरंच होतं. पाच दिवसांची लढाई संपल्यावर खेड्यापाड्यांत, छोट्या शहरांत मुसलमानांवर हल्ले सुरू झाले. कुठे रझाकारांनी छळलेल्या लोकांनी सूड उगवला. कुठे सीमेपलीकडून आलेल्या टोळ्यांनी लूट केली. नेहरूंना ज्या सूडाची भीती होती तो उरलेल्या भारतात उसळला नाही, तिथे शांतता राहिली. तो उसळला संस्थानाच्या आत.

खबरी दिल्लीला पोचल्यावर नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक शिष्टमंडळ पाठवलं. सुंदरलाल जुने गांधीवादी. सोबत काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री. नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत ते फिरले. १६ पैकी ९ जिल्हे, २१ शहरं, २३ मोठी खेडी. शिवाय जिथे पोचता आलं नाही अशा १०९ गावांतल्या ५०० हून अधिक लोकांशी ते बोलले.

त्यांनी काढलेला अंदाज असा होता: कारवाईच्या काळात आणि नंतर मिळून किमान २७,००० ते ४०,००० माणसं गेली. सगळ्यात जास्त झळ बसलेले चार जिल्हे उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. त्याखालोखाल औरंगाबाद, बीड, नळगोंडा, मेदक. म्हणजे पाच मराठी जिल्ह्यांपैकी चार या यादीत आहेत. परभणीचं नाव या आठांत नाही. पण नाव नाही म्हणजे झळ नाही असा अर्थ होत नाही, आणि परभणीला लागून असलेले नांदेड, बीड, औरंगाबाद हे तिन्ही त्यात आहेत. लातूरमध्ये तर वीसहून अधिक दिवस कत्तल चालली. तिथल्या सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार शहरात उरले होते. हजाराच्या वर मारले गेले होते, बाकीचे पळून गेले होते.

अहवालात याहून अवघड गोष्टीही आहेत. बऱ्याच ठिकाणी सैन्याने मुसलमानांची हत्यारं काढून घेतली, हिंदूंकडची तशीच राहिली. काही ठिकाणी सैन्यातली माणसं स्वतः लुटीत आणि हत्येत सामील झाली. त्याच अहवालात सैन्याच्या शिस्तीची आणि अनेक अधिकाऱ्यांच्या चांगल्या वागणुकीची नोंद आहे. रझाकारांच्या अत्याचारांचीही आहे. शेजारच्या मुसलमानांना वाचवताना जीव गमावलेल्या हिंदूंची आहे. काही गावांत हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना आपल्याच धर्माच्या जमावापासून वाचवलं, आणि त्याची मोठी किंमत मोजली, हेही त्यात लिहिलंय. माग एक, धंदा एक, म्हणून ती माणसं उभी राहिली.

असा अहवाल कुठल्याही एका बाजूच्या भाषणात बसत नाही. तो कुणालाच नको होता. पटेलांनी या मंडळाच्या अधिकारालाच हरकत घेतली. सरकारने अहवाल प्रसिद्ध केला नाही. त्यातले काही भाग अभ्यासकांच्या हाती लागले, छापूनही आले, पण दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो लोकांना बघायला मिळाला तो थेट २०१३ मध्ये. म्हणजे ६५ वर्षांनी.

अहवाल दाबण्यामागेही 'दगडापेक्षा वीट मऊ' हाच हिशोब असणार असं मला वाटतं. देश नवा होता, जखमा ओल्या होत्या, काश्मीरचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत होता. प्रसिद्ध केला तर आग भडकेल, दाबला तर काही लोकांवर अन्याय होईल. त्यातलं कमी वाईट काय? दाबणं. पहिल्या विटेवर दुसरी वीट अशी बसते. एकेक वीट मऊच असते, पण रचत गेलं की भिंत तयार होते, आणि मग पलीकडचं दिसत नाही.

आता किंमत कुणी मोजली ते बघा. ज्याच्या हट्टामुळे हे सगळं झालं तो निजाम २६ जानेवारी १९५० ला त्याच हैदराबाद राज्याचा राजप्रमुख झाला आणि १९५६ पर्यंत त्या पदावर राहिला. त्याला वर्षाला ५० लाखांचा तनखा ठरला. त्याचा पंतप्रधान लायक अली नजरकैदेतून निसटून पाकिस्तानात गेला. कासीम रझवीला शिक्षा झाली, १९५७ मध्ये सुटला आणि तोही पाकिस्तानात गेला. ज्यांनी निवडलं त्या दिल्लीतल्या नेत्यांना इतिहासात जागा मिळाली. हिशोबाचा उरलेला भाग विणकर, मजूर, छोटे शेतकरी आणि त्यांच्या घरच्या बायका यांच्या नावावर पडला. त्यातल्या बहुतेकांचा रझाकारांशी संबंध एवढाच होता की धर्म एक होता.

कमी वाईट निवडण्याची नैतिक किंमत म्हणतात ती मला इथे दिसते. निर्णय चुकीचा होता असं नाही. गोष्ट वेगळी आहे. 'दुसरा पर्याय याहून वाईट होता' हे वाक्य सैन्य पाठवण्याचं समर्थन करतं. ते तिथेच थांबायला हवं. १८ सप्टेंबरला लढाई संपली होती. राज्य आता आपलं होतं, बंदुका आपल्या होत्या, अधिकारी आपले होते. त्यानंतर लातूरमध्ये वीस दिवस जे चाललं त्याशिवाय निजाम हटला नसता असं कुणी म्हणू शकत नाही. तो निवडीचा अटळ भाग नव्हता. पण तोही त्याच वाक्याच्या पांघरुणाखाली जाऊन झोपला. आजही कुणी विषय काढला की उत्तर येतं, 'रझाकारांनी काय केलं ते विसरलात का?' जे अटळ होतं आणि जे टाळता आलं असतं, ते या एका प्रश्नात एकत्र मळून जातं.

माझ्या कामात असले निर्णय छोट्या प्रमाणात रोज होतात. सर्व्हर पडलाय, ग्राहक खोळंबलेत, नीट दुरुस्तीला दोन दिवस लागतील आणि तात्पुरता जुगाड दहा मिनिटांत होईल. जुगाड करावाच लागतो. पण बऱ्या टीममध्ये त्याचा एक नियम असतो. काय केलं, का केलं आणि त्याने काय मोडलं हे त्याच दिवशी लिहून ठेवायचं. त्याला आम्ही पोस्टमॉर्टेम म्हणतो. त्यात दोष कुणाचा यापेक्षा नोंद महत्त्वाची. ज्या टीममध्ये 'तेव्हा गरज होती' एवढं म्हणून फाईल बंद करतात, तिथे तोच जुगाड पुढच्या वेळी कुणी विचार न करता करतो, आणि मग ती पद्धतच होऊन बसते. कोडच्या बाबतीत आपल्याला हे कळतं. माणसांच्या बाबतीत ते कळायला जास्त वेळ लागावा हे विचित्र आहे.

खरं तर आपल्याकडे हे फार पूर्वी कळलेलं होतं. 'नरो वा कुंजरो वा' आपण आज कुणाच्या गोलमोल बोलण्याला हिणवायला वापरतो. पण मूळ प्रसंग कमी वाईट निवडण्याचाच आहे. द्रोण थांबले नाहीत तर पांडवांचं सैन्य संपणार. थांबवायला एक अर्धसत्य पुरेसं आहे. युधिष्ठिर ते बोलतो, आणि जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकतो. शेवटी स्वर्गारोहणाच्या वेळी त्याच गोष्टीसाठी त्याला नरकाचं दर्शनही घडतं. महाभारत असं म्हणत नाही की पांडवांनी युद्ध हरायला हवं होतं. ते एवढंच म्हणतं की जिंकलात, ठीक आहे, पण रथ खाली आला याची नोंद राहील. जिंकणाऱ्यांच्या बाजूचा ग्रंथ असूनही त्याने ही नोंद पुसली नाही.

अमेरिकेतल्या मायकेल वॉल्झर या विचारवंताने १९७३ मध्ये 'मळलेले हात' या विषयावर एक निबंध लिहिला. त्याचा मुद्दा थोडक्यात असा की राजकारणात कधीकधी चांगल्या माणसालाही वाईट कृत्य करावं लागतं. मग तो चांगला आहे हे ओळखायचं कशावरून? तर आपले हात मळलेत हे त्याला माहीत असतं आणि तो ते लपवत नाही, यावरून. युधिष्ठिर या परीक्षेत पास होतो. १९४८ च्या बाबतीत आपण अजून परीक्षेला बसलेलोच नाही.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला, 'जुनं उकरून काय मिळणार? उलट तेढ वाढेल.' हे म्हणणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. पण १७ सप्टेंबर आपण दरवर्षी उकरतोच. रझाकारांच्या कथा भाषणांत, व्हॉट्सॲपवर, आता सिनेमातही येतात, आणि यायलाही हव्यात. म्हणजे प्रश्न उकरण्याचा नाही, अर्धंच उकरण्याचा आहे. तेढ अर्ध्या गोष्टीने जास्त वाढते.

दुसरा आक्षेप, 'मग तुम्ही स्वातंत्र्यसैनिकांचा त्याग कमी लेखता.' मला उलटं वाटतं. जे लोक निजामाच्या तुरुंगात गेले ते जबाबदार सरकार मागत होते, म्हणजे प्रजेला जाब देणारं सरकार. त्या सरकारला पहिल्याच शंभर दिवसांचा जाब विचारणं हा त्यांच्याच मागणीचा भाग आहे.

या तारखेची नावं मात्र वाढत चालली आहेत. महाराष्ट्रात मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. कर्नाटकात २०१९ पासून कल्याण कर्नाटक उत्सव. केंद्राने २०२४ मध्ये हैदराबाद मुक्ती दिन जाहीर केला. तेलंगणात सरकार बदललं की नाव बदलतं. नावावर एवढी चर्चा होते, मग त्या दिवसानंतरच्या आठवड्यांवर दोन वाक्यं बोलायला काय हरकत आहे? लढ्यात गेलेल्यांना श्रद्धांजली वाहतो, त्याच्या पुढे 'आणि कारवाईनंतर मारल्या गेलेल्या निरपराध लोकांनाही' एवढं जोडायचं. त्याने मुक्तीचं मोल कमी होत नाही. त्या मुक्तीत सगळे धरलेले आहेत, एवढं मात्र कळतं.

चारठाण्याच्या स्तंभावरची नक्षी कुणीतरी मोजून, काढून, लिहून ठेवली आहे. आठशे वर्षांपूर्वीच्या दगडाला हे भाग्य मिळालं. १९४८ मध्ये जी मुलं दहा वर्षांची होती ती आज नव्वदीकडे झुकली आहेत. मराठवाड्याच्या प्रत्येक गावात अशी दोन-चार माणसं अजून आहेत, हिंदू मोहल्ल्यातही आणि मुस्लिम मोहल्ल्यातही. तुमच्या हातातल्या फोनमध्ये रेकॉर्डर आहे. दिवाळीला किंवा ईदला गावी जाल तेव्हा त्यांच्याजवळ बसा, रेकॉर्डर चालू करा आणि विचारा की सतरा तारखेच्या आधी काय झालं होतं, आणि नंतर काय झालं. दोन्ही प्रश्न विचारा. एकच विचारू नका.